लाल विंचू, प्रयोगशाळा आणि औषधकारखाना

वैद्यकीय महाविद्यालयातील शरीरक्रियाशास्त्राचा विभाग आणि औषधनिर्मितीचा कारखाना यांचा परस्परांशी संबंध काय, असा प्रश्न सामान्य वाचकास पडणे स्वाभाविक आहे. १९२१-२२ साली टोरंटो विद्यापीठाच्या शरीरक्रियाशास्त्र विभागात इन्शुलिनचा शोध लागला. परंतु ते शुद्ध स्वरूपात व मोठ्या प्रमाणावर तयार करण्यासाठी एलाय लिली या कंपनीतील रसायनतज्ज्ञांची मदत घ्यावी लागली. संशोधकांनी पेटंटचे हक्क प्रत्येकी एका डॉलरला विद्यापीठाच्या स्वाधीन केले होते. या सहकार्याचे महत्त्व जाणण्यासाठी मात्र आपल्याला टोरंटोपर्यंत जाण्याची गरज नाही. जनवाडा परिसरातील प्रत्येक शेतकऱ्याच्या परिचयाचा लाल विंचू हाच त्याचा उत्तम पाठ आहे.

विष शरीरात काय करते?

काळा विंचू आकाराने मोठा, पण त्याचे विष सहसा वेदनेपुरतेच मर्यादित राहते. लाल विंचू लहान, पण घातक. त्याचे विष मज्जातंतूंमधील सोडियमच्या मार्गिका लवकर बंद होऊ देत नाही. परिणामी स्वायत्त मज्जासंस्था अनावर उद्दीपित होते. प्रथम उलट्या, दरदरून घाम, लाळ व मुलग्यांमध्ये शिश्नताठरता दिसते. नंतर हातपाय थंड पडतात, रक्तदाब चढतो, हृदय थकते आणि फुप्फुसात पाणी भरते. लहान मुलाच्या शरीराचे वजन कमी असल्याने तेवढेच विष त्याला अधिक बाधते.

महाड आणि परळ

रायगड जिल्ह्यातील महाड येथे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी या रुग्णांच्या लक्षणांचा क्रम बारकाईने नोंदविला. अतिरिक्त उद्दीपन अल्फा ग्राहकांमार्फत होत असेल तर ते ग्राहकच रोखावेत, या विचाराने त्यांनी प्राझोसिन वापरले आणि १९८६ साली 'लॅन्सेट'मध्ये त्याविषयी लिहिले. हे औषध फायझर कंपनीने उच्च रक्तदाबासाठी विकसित केले होते. विंचू तेव्हा कोणाच्याही मनात नव्हता. प्राझोसिन रक्तवाहिन्यांवर थेट कार्य करते असा प्रारंभी समज होता; ते अल्फा-१ ग्राहक अडविते हे नंतरच्या संशोधनाने स्पष्ट केले. या उलगड्यामुळेच ते विंचुदंशात का उपयोगी पडते याचा तर्कशुद्ध आधार मिळाला.

मुंबईत परळच्या सेठ गो. सुं. वैद्यकीय महाविद्यालयातील शरीरक्रियाशास्त्र विभागात डॉ. के. राधाकृष्ण मूर्ती यांनी विषामुळे इन्शुलिनचे स्रवण दबते व चयापचय बिघडतो हे दाखवून, दंश झालेल्या बालकांमध्ये इन्शुलिन वापरल्याचे निष्कर्ष १९९१ साली प्रसिद्ध केले. तो उपचार सर्वमान्य झाला नाही. मात्र विषाची कार्यपद्धती समजण्यास त्याने मदत झाली. हाफकिन संस्थाही परळचीच. तिच्यातून वेगळ्या झालेल्या हाफकिन जीवऔषध निर्माण महामंडळाने लाल विंचवाविरुद्धचे प्रतिविष बनविले. घोड्याला विषाची अल्प मात्रा वारंवार टोचून त्याच्या रक्तातून ते मिळविले जाते.

२०११ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये डॉ. बावस्कर दांपत्याची ७० रुग्णांवरील चाचणी प्रसिद्ध झाली. प्राझोसिनबरोबर प्रतिविष दिलेल्या ३५ पैकी ३२ रुग्ण दहा तासांत पूर्ण बरे झाले. केवळ प्राझोसिन घेतलेल्या ३५ पैकी ८. खेड्यातील निरीक्षण, शरीरक्रियाशास्त्र आणि कारखान्याचे उत्पादन यांचा असा संगम झाला.

हा प्रवाह उलट दिशेनेही वाहिला आहे. १९९० साली अमेरिकेतील मर्क कंपनीच्या प्रयोगशाळेतील चमूने याच विंचवाच्या विषातून आयबेरिओटॉक्सिन हे द्रव्य वेगळे केल्याचे प्रसिद्ध केले. पोटॅशियमची एक विशिष्ट मार्गिका रोखणारे हे द्रव्य आज जगभरचे शरीरक्रियाशास्त्रज्ञ अभ्यासाचे साधन म्हणून वापरतात.

अडते कोठे?

बालरोगतज्ज्ञाच्या दृष्टीने एक साधे गणित मांडतो. प्राझोसिनची मात्रा दर किलोस ३० मायक्रोग्रॅम. दहा किलोच्या बालकास ३०० मायक्रोग्रॅम, म्हणजे एक मिलिग्रॅमच्या गोळीचा तिसरा हिस्साही नव्हे. सावकाश विरघळणारी दीर्घकालीन गोळी मोडून देता येत नाही. साधीच गोळी लागते. अर्थात प्रौढांच्या रक्तदाबासाठी घडविलेले औषध आणीबाणीत बालकासाठी बेतावे लागते. अचूक मोजता येईल असे द्रवरूप औषध बनविणे विज्ञानाला अवघड नाही. परंतु हा रुग्ण बहुधा गरीब, ग्रामीण आणि हंगामी. त्याची संख्या कारखानदारापुढे मांडणारे कोणी नसते. प्राध्यापकाला वाटते, कंपनीशी बोलणे म्हणजे विकले जाणे. कंपनीला वाटते, प्राध्यापकाला उत्पादनाचा खर्च कळत नाही. दोन्ही शंका सर्वस्वी निराधार नाहीत. म्हणूनच करार लेखी हवा, आर्थिक संबंध उघड हवेत, प्रतिकूल निष्कर्षही प्रसिद्ध करण्याचे स्वातंत्र्य हवे आणि रुग्णहिताचा अंतिम निर्णय नीतिसमितीकडे हवा.

आपल्या भागात

बीदर आणि कलबुर्गी येथे वैद्यकीय महाविद्यालये आहेत. बीदरला पशुवैद्यकीय विद्यापीठ आहे. लस व औषधनिर्मितीचे मोठे केंद्र असलेले हैदराबाद काही तासांच्या वाटेवर आहे. सर्व घटक जवळ आहेत, संवाद तेवढा उरला आहे. त्याचा आरंभ आपल्या दवाखान्यातील वहीपासून होऊ शकतो. प्रत्येक दंशाची वेळ, विंचवाचा रंग, बालकाचे वजन, हातपायांची ऊब, दिलेली मात्रा आणि परिणाम आपण एकाच पद्धतीने नोंदविले, तर दोन-तीन वर्षांत महाविद्यालयापुढे ठेवण्याजोगा प्रश्न आणि कारखान्यापुढे ठेवण्याजोगी मागणी तयार होईल.

समाजबांधवांनी एवढे करावे : दंशानंतर मंत्र-उताऱ्यात वेळ न दवडता मुलाला तत्काळ रुग्णालयात न्यावे आणि दंशाची वेळ डॉक्टरांना सांगावी. ती एक नोंद त्या बालकाच्या उपचाराला तर उपयोगी पडेलच. पुढच्या बालकासाठी होणाऱ्या संशोधनाचीही ती पहिली ओळ ठरेल.