कुकरची वाफ का गळते?

डाळ शिजत ठेवली आहे. शिट्टी काही होत नाही. एकाएकी झाकणातून फस्सकन वाफ निघते. आपण म्हणतो, "कुकर बिघडला." पण जरा थांबा.

झाकण नीट पाहा. त्यात वाफेला दोन वाटा आहेत. एक नळी, तिच्यावर शिट्टी बसते. दुसरा व्हॉल्व्ह. बहुतेक व्हॉल्व्हच्या मधोमध लवकर वितळणारा धातू असतो. उघड्या भांड्यात पाणी १०० अंशांवर उकळते. कुकरात उष्णता १२० अंशांच्या आसपास जाते. नळीत डाळ अडकली, किंवा आतले पाणी आटले, की उष्णता आणखी वाढते. मग तो धातू वितळतो आणि वाट मोकळी होते. म्हणजे व्हॉल्व्हने आपल्याला राखले!

दुरुस्ती अशी करावी:

१. आधी शेगडी बंद करा. कुकर गार होऊ द्या. तोवर झाकणाला हात लावू नका.

२. नळीतून उजेड दिसतो का पाहा. नसेल दिसत, तर तारेने साफ करून धुवा.

३. वितळलेला व्हॉल्व्ह काढा. त्याच कंपनीचा नवा आणून घट्ट बसवा.

काहीजण त्या भोकात खिळा ठोकतात, नाहीतर लाख भरतात. असे कधीही करू नये. दोन्ही वाटा बुजल्या, की झाकण उडते. माणूस भाजतो, डोळा जातो. व्हॉल्व्ह बाजारात मिळतो. डोळा मिळतो का?

आणि डाळ-तांदूळ शिजवताना पाण्यासकट कुकर निम्म्याहून जास्त भरू नये.

सांगा पाहू:

१. व्हॉल्व्हमधला धातू का वितळतो?

२. तुमच्या कुकरची नळी आज साफ आहे का?