आधी दात, मग देश

पोरी, बालवर्गाला जगभरातली माणसं शिकवायची म्हटलं की नव्या बाई आधी पृथ्वीचा गोल आणतात. तो राहू दे कपाटात. सहा वर्षांच्या पोराला देश कळत नाही, पण आपला हलणारा दात बरोबर कळतो. तिथून सुरुवात कर.

कुणाचा दात पडला की विचार, "कुठं टाकलास रे?" एक म्हणेल कौलावर, दुसरी म्हणेल तुळशीत पुरला. पद्धती वेगळ्या असतात, हे शेजारच्या बाकावरच कळलं की मग लांब जा. जपानमध्ये खालचा दात छपरावर टाकतात आणि वरचा घराखाली, म्हणजे नवा दात त्या दिशेनं सरळ वाढतो. मंगोलियात तो चरबीत घालून कुत्र्याला देतात, नवा दात कुत्र्यासारखा बळकट यावा म्हणून. स्पेनमध्ये उशीखालचा दात पेरेझ नावाचा उंदीर नेतो. ही गोष्ट लुईस कोलोमा यांनी १८९४ च्या सुमारास छोट्या राजासाठी, तेराव्या अल्फोन्सोसाठी लिहिली. पद्धती निरनिराळ्या, पण नवा दात चांगला यावा ही काळजी बहुतेक ठिकाणी दिसते. ते तू सांगू नकोस, पोरांनाच ओळखू दे.

'काय करतात' याच्यामागे 'का करतात' लगेच जोड. पेरूमधल्या टिटिकाका सरोवरात उरोस लोक तरंगत्या बेटांवर राहतात, हे ऐकून पोरं नुसती आ वासतात. सरोवरात तोतोरा नावाचं लव्हाळं उदंड उगवतं, त्याचीच बेटं, त्याचीच घरं, त्याच्याच होड्या, एवढं सांगितलंस की चमत्कार संपतो आणि शहाणपण दिसतं.

जुन्या चित्रांवर विसंबू नकोस. इग्लू हा इनुइट शिकाऱ्यांचा हिवाळ्यातला आसरा. आज ते साध्या पक्क्या घरांत राहतात, त्यांची मुलं शाळेत जातात. मंगोलियात गेर नावाचे गोल तंबू आहेत, पण देशातली जवळजवळ निम्मी माणसं उलानबातर शहरात राहतात. आपल्याला कुणी कायम फेट्यात आणि नऊवारीतच दाखवलं तर चालेल का? म्हणून प्रत्येक समाजाची दोन तरी चित्रं दाखव, एक सणाचं, एक रोजचं.

पोशाख चढवून मिरवण्यापेक्षा एखादी कृती करून घे. जपानी शाळेत मुलं आपला वर्ग स्वतः झाडतात-पुसतात. तुझ्या वर्गालाही आठवडाभर झाडू दे. इथिओपियात घरची माणसं एकाच ताटातला इंजेरा खातात आणि मायेनं एकमेकांना घास भरवतात. हे सांगितलंस की पोरांना आपली आजी आठवेलच.

डब्यातल्या सुकटीच्या वासानं कुणी "शी!" म्हणालं तर रागावू नकोस. "मला याची सवय नाही" असं म्हणायला शिकव. वेगळ्या घरातून आलेल्या मुलाला सगळ्यांसमोर उभं करून "तुमच्यात काय करतात, सांग" असं मात्र कधी म्हणू नकोस. घरच्यांशी आधी बोल, त्याला सांगावंसं वाटलं तर सांगू दे.

वर्षात चार समाज नीट झाले तरी पुष्कळ. देशांची नावं पोरं पुढं पाठ करतीलच. नवं मूल वर्गात आल्यावर त्याला हसण्याऐवजी "तुमच्याकडे असं का करतात?" हा प्रश्न आला, तर तुझं शिकवणं पोचलं असं समज.