रगडा आणि छळ : एका पालकाचा अनुभव



मी बावीस वर्षे पायदळात नोकरी केली. शिक्षा भोगली, पुढे शिक्षा दिलीही. तरीही माझ्याच मुलाचा छळ मला सात महिने ओळखता आला नाही. ती चूक तुमच्यापुढे आणि तुमच्या आईवडिलांपुढे मांडावी, म्हणून हा लेख.

माझी बदली फील्ड एरियात झाली, तेव्हा मुलाला सहावीनंतर उत्तरेकडील एका खाजगी निवासी शाळेत घातले. उन्हाळी सुट्टीत तो घरी आला, तेव्हा हातातले घड्याळ नव्हते आणि पाठीवर वळ होते. विचारले तर "पडलो" म्हणाला. रविवारच्या फोनवर आधी भरभरून बोलणारा मुलगा "हो", "नाही", "ठीक आहे" एवढ्यावर आला. एकदाच दबक्या आवाजात म्हणाला, "बाबा, वरच्या वर्गातली मुलं रात्री उठवतात."

मी म्हणालो, "फौजीचा मुलगा ना तू? थोडा रगडा लागला तर काय बिघडलं? सहन कर."

त्यानंतर त्याने मला काहीच सांगितले नाही.

दिवाळीत त्याच्या आईला वहीच्या मागच्या पानावर एक तक्ता सापडला. सिनियर मुलांची नावे, पुढे कामे : बूट, चादर, रात्रीचे पाणी. शेवटच्या रकान्यात फक्त आकडे होते. ते पट्ट्याचे फटके होते.

रजा काढून मी शाळेत गेलो. हाउसमास्तर म्हणाले, "मुलं आहेत, चालायचंच." राग आला, पण मीही तेच म्हणालो होतो. अखेर शेजारच्या पलंगावरचा मुलगा प्राचार्यांसमोर उभा राहिला आणि म्हणाला, "सर, मी रोज जागा असायचो. झोपेचं सोंग घ्यायचो." त्या एका वाक्यानंतर चौकशी सुरू झाली.

फरक कसा ओळखावा?

१९८२ च्या अखेरीस नॉर्वेत छळाला कंटाळून तीन शाळकरी मुलांनी जीव दिला. १९८३ मध्ये तेथे देशव्यापी मोहीम सुरू झाली. मानसशास्त्रज्ञ डॅन ओल्वेयस यांनी छळाच्या तीन खुणा सांगितल्या आहेत : त्रास देण्याचा हेतू, तो पुन्हा पुन्हा होणे, आणि दोघांच्या बळातील तफावत.

आता मैदानातली शिक्षा पाहा. ती चुकीबद्दल असते, उस्तादांच्या नजरेसमोर असते, आणि फेऱ्या पूर्ण झाल्या की संपते. छळाला कारण लागत नाही, अंधार लागतो आणि तो संपत नाही. माझी साधी कसोटी अशी : जी शिक्षा अधिकाऱ्यांसमोर देता येत नाही, ती शिस्त नव्हे.

"सैन्यात असंच असतं" असे कोणी म्हटले तर ते खोटे आहे. लष्कर अधिनियम, १९५० च्या कलम ४७ नुसार हाताखालच्या माणसावर हात उचलणे किंवा त्याला वाईट वागवणे हा गुन्हा आहे. त्यासाठी सात वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. मग तो अधिकारी असो वा नाईक. महाराष्ट्रात १९९९ पासून रॅगिंगविरोधी कायदा आहे. त्यानुसार लेखी तक्रार आल्यावर संस्थाप्रमुखाने सात दिवसांत चौकशी करायची असते. टाळाटाळ केल्यास तोही दोषी धरला जातो.

आपण काय करावे?

ज्युनियर छात्रांनो, सांगणे म्हणजे चुगली नव्हे. तारीख, वेळ, जागा लिहून ठेवा आणि विश्वासाच्या मोठ्या माणसाला सांगा. कोणीच ऐकत नसेल तर १०९८ हा मुलांसाठीचा मोफत दूरध्वनी क्रमांक आहे.

सिनियर छात्रांनो, ज्युनियरकडून बूट पुसून घेणाऱ्याला हुकूम देता येतो, नेतृत्व येत नाही. चांगला सेक्शन कमांडर जवानांची ताटे वाढली का ते आधी पाहतो, मग स्वतः जेवतो.

पालकांनो, हरवलेल्या वस्तू, तुटक उत्तरे आणि "पडलो" हे शब्द हलके घेऊ नका. मूल धीर करून पहिल्यांदा बोलते, तेव्हा उपदेश करू नका. "पुढे सांग" एवढेच म्हणा. मला ते जमले नव्हते.

माझा मुलगा आज दुसऱ्या शाळेत दहावीत आहे. फोनवर पुन्हा बोलतो. पण ते सात महिने मला परत देता येत नाहीत.

हाउसमध्ये चर्चेसाठी

१. तुमच्या डॉर्मिटरीत रात्री जे चालते, ते सकाळच्या फॉलिनमध्ये सांगता येईल का?
२. शेजारच्या पलंगावर तुम्ही असता, तर किती दिवसांनी बोलला असता?