घरचा संगणक आणि पडदारक्षक : फुकटचा घ्यावा की विकतचा?

संगणक काही वेळ कोणी हाताळला नाही म्हणजे त्याच्या पडद्यावर आपोआप हलती चित्रे दिसू लागतात. ही योजना करणाऱ्या आज्ञावलीस स्क्रीन सेव्हर किंवा पडदारक्षक म्हणतात. बारवी धरण काठोकाठ भरले की त्याचे स्वयंचलित दरवाजे आपोआप उघडतात. तेथे पाण्याची पातळी, तर येथे गेलेली मिनिटे हे निमित्त होय. आपल्या भागातील मुलांस हा दाखला चटकन उमगतो.

हा रक्षक मुळात कशासाठी निघाला? जुने पडदे काचेच्या नळीचे असत व नळीच्या आतून चकाकणाऱ्या द्रव्याचा लेप असे. एकच चित्र तासन् तास राहिल्यास त्या जागेचा लेप झिजे आणि चित्राचा डाग कायमचा उमटे. म्हणून १९८३ साली एका अमेरिकन मासिकात पडदा काळा करणारी आज्ञावली छापून आली. १९८९ मध्ये ‘आफ्टर डार्क’ हा विकतचा संच निघाला. पुढे त्यातील, पंख लावून उडणारी पाव भाजण्याची यंत्रे फारच लोकप्रिय झाली. उपयुक्त वस्तूची करमणूक झाली ती अशी! आजच्या सपाट एल.सी.डी. पडद्यांवर तसा कायमचा डाग सहसा पडत नाही. शिवाय हलत्या चित्रांनी वीज वाचते, हा समजही चुकीचा आहे. वीज वाचते ती पडदा बंद झाल्यावरच.

आता निवडीचा प्रश्न. फुकटचे सारेच वाईट, असे मुळीच नव्हे. १९९२ पासूनचा ‘एक्सस्क्रीनसेव्हर’ विनामूल्य आहे व त्याची मूळ संहिता कोणासही तपासता येते. ‘सेटी ॲट होम’ हा १९९९ साली निघालेला विनामूल्य रक्षक तर घरोघरच्या रिकाम्या संगणकांकडून आकाशातून आलेल्या रेडिओ-लहरींची छाननी करून घेई. २०२० मध्ये ते काम थांबविण्यात आले. भय आहे ते अनोळखी ठिकाणाहून उतरवून घेतलेल्या रक्षकाचे. ती केवळ चित्रे नसतात. ती संगणकावर वाटेल ते करू शकणारी पूर्ण आज्ञावली असते. प्रस्तुत लेखकाने एकदा माशांचा असाच एक रक्षक हौसेने घेतला. जाहिरातींचा एवढा सुळसुळाट झाला की अखेर संगणक पुसून काढावा लागला, व त्यात मुलांच्या बारवीकाठच्या सहलीची छायाचित्रे कायमची गेली. दुसरी प्रत ठेवली नव्हती, हा दोष माझाच.

विकतच्या रक्षकात जाहिराती बहुधा नसतात. परंतु मोल दिले म्हणून वस्तू निर्धोक ठरत नाही. माझ्या मते घरासाठी पैसे खर्चण्याचे कारण नाही. विंडोजमध्ये ‘फोटोज’ नावाचा रक्षक आयताच असतो. त्यास आपल्या छायाचित्रांची पेटी दाखवावी, म्हणजे पावसाळ्यातील बारवीचा जलाशय पडद्यावर येईल. मात्र त्याच चौकटीत, परत येताना परवलीचा शब्द विचारण्याची खूण अवश्य करावी. शिक्षकाच्या घरच्या संगणकात मुलांची नावे व गुण असतात. ते शेजाऱ्याच्या नजरेस पडता कामा नयेत. पाच मिनिटांनी रक्षक व पंधरा मिनिटांनी पडदा बंद, एवढी योजना पुरे.