खिद्रापूरचे कोपेश्वर मंदिर : रचना आणि शिल्प

कोल्हापूर जिल्ह्याच्या शिरोळ तालुक्यात कृष्णाकाठी खिद्रापूर हे गाव वसले आहे. शिलाहारांच्या राजवटीत, बाराव्या शतकात आकारास आलेले तेथील कोपेश्वर मंदिर महाराष्ट्राच्या मध्ययुगीन स्थापत्याचा एक श्रेष्ठ नमुना मानले जाते.

स्वर्गमंडप, सभामंडप, अंतराळ आणि गर्भगृह ही मंदिराची अंगे पूर्व-पश्चिम एका रेषेत आहेत. शिवमंदिर असूनही येथे गर्भगृहासमोर नंदी नाही. गर्भगृहात कोपेश्वर व धोपेश्वर अशी दोन लिंगे आहेत.

स्वर्गमंडपाच्या छताला मध्यभागी वर्तुळाकार मोकळी जागा असून तीभोवती बारा खांबांचे कडे आहे. छताचा प्रत्येक थर खालच्या थराहून किंचित पुढे सरकवून बसविलेला आहे. वर्तुळातील दगड एकमेकांना रेटून धरतात आणि त्यांचा भार तुळयांवाटे खांबांवर उतरतो. छतातून येणारा प्रकाश खालच्या गोल शिळेवर पडतो. पुढे सभामंडपात तो मंदावतो आणि गर्भगृहात जवळजवळ लोपतो. उजेडाकडून काळोखाकडे नेणारी ही वाट रचनेनेच साधली आहे.

येथील शिल्पही रचनेला धरून आहे. मंदिराच्या पायथ्याशी हत्तींचा थर आहे. जणू साऱ्या वास्तूचा भार त्यांनीच पाठीवर पेलला आहे. त्यावरील भिंतींवर देवदेवता व सुरसुंदरी कोरलेल्या आहेत. स्वर्गमंडपात दिक्पाल आपापल्या वाहनांसह दिसतात.

देवगिरीचा यादव राजा सिंघण याने इ. स. १२१३-१४ च्या सुमारास देवाच्या पूजेअर्चेसाठी गाव दान दिल्याचा शिलालेख येथे आहे. मंदिर उभारण्याइतकेच त्याच्या नित्य व्यवस्थेला महत्त्व होते, हे त्यावरून ध्यानात येते.

आज हे मंदिर केंद्र सरकारचे संरक्षित स्मारक आहे. अशा स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत बांधकामास बंदी आणि त्यापुढील २०० मीटरपर्यंत पूर्वपरवानगीची अट १९५८ च्या कायद्यात २०१० च्या दुरुस्तीने घालण्यात आली. तथापि केवळ कायद्याने शिल्प टिकत नाही. २००५ व २०१९ चे महापूर या तालुक्याने सोसले. पुराला थोपविणे गावाच्या हाती नाही. परंतु दगडाला तैलरंग न लावणे, खिळे न ठोकणे, नावे न कोरणे आणि सांध्यांत उगवलेले रोप दिसताच पुरातत्त्व खात्याला कळविणे हे निश्चितच हाती आहे. एकाच्या आधारावर दुसरा उभा, अशी ही दगडांची रचना आहे. एक दगड ढळला तरी शेजारच्यांचा आधार सुटतो. शिक्षकांनी विद्यार्थ्यांना ही जाणीव मंदिरातच उभे राहून करून दिल्यास तो पाठ चिरकाल स्मरणात राहील.