पेनावर आधी तारीख लिही

पोरी, डॉक्टरांनी तुला वजनासाठी आठवड्याचं इंजेक्शन सुरू केलं, हे चांगलं झालं. डोस किती, कधी वाढवायचा, काय खायचं, हे ते सांगतील. त्यात मी तोंड घालणार नाही. पण इंजेक्शनचं पेन मेडिकलमधून घरी आलं, पहिला डोस झाला, की ते सांभाळायचं कसं, हे समजावून सांगायला ओपीडीच्या गर्दीत कुणाला सवड नसते. तेवढं मी सांगते.

अकोल्याच्या आमच्या औषधाच्या दुकानात सासऱ्यांनी मला गल्ल्यावर बसवलं, तेव्हा पहिला धडा दिला तो इन्सुलिनच्या फ्रीजचा. ते म्हणायचे, दूध नासलं तर वास तरी येतो. थंडातलं औषध बिघडलं तरी तसंच पाण्यासारखं स्वच्छ दिसतं. म्हणून औषधाकडे बघून खात्री करायची नाही. तारीख बघायची आणि फ्रीजचा काटा बघायचा. ही नवी पेनं तेव्हा नव्हती, पण तो धडा त्यांनाही जसाच्या तसा लागू आहे.

दोन मुदती असतात

खोक्यावर छापलेली एक्सपायरी ही बंद पेनाची, तीही ते २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये राहिलं तर. पहिला डोस घेतला की दुसरी, खूप छोटी मुदत सुरू होते. खोक्यावर पुढच्या वर्षाची तारीख आहे म्हणून उघडलेलं पेन पुढच्या वर्षापर्यंत चालत नाही.

कारण समजून घे, म्हणजे नियम पाठ करावा लागणार नाही. सेमाग्लुटाइड काय, टिर्झेपेटाइड काय, दोन्ही अमिनो आम्लांच्या साखळ्या. टिर्झेपेटाइडच्या साखळीत ३९ कड्या आहेत. उष्णतेनं या साखळीत हळूहळू बदल होतात, आणि औषध गोठलं तर तिची घडी बिघडून रेणू एकमेकांना चिकटू शकतात. शिवाय प्रत्येक डोसाला सुई रबराच्या बुचातून आत जाते, म्हणजे जंतूंना वाट मिळते. ते वाढू नयेत म्हणून चार डोसांच्या पेनात फिनॉलसारखं संरक्षक द्रव्य घातलेलं असतं. पण कंपनीनं त्याची खात्री दिलेली असते ती ठरावीक दिवसांपुरती.

आता आकडे. टिर्झेपेटाइडचं माउंजारो, त्याचं क्विकपेन पहिल्या डोसापासून ३० दिवस, ३० अंशांखाली. सेमाग्लुटाइडचं वेगोवी, त्याचं चार डोसांचं फ्लेक्सटच पेन सहा आठवडे, फ्रीजमध्ये किंवा ३० अंशांखाली. रोज घ्यायचं लिराग्लुटाइडचं सॅक्सेंडा एक महिना. ओझेम्पिकचं, म्हणजे सेमाग्लुटाइडच्याच दुसऱ्या पेनाचं, उदाहरण मुद्दाम सांगते: अमेरिकेतल्या माहितीपत्रकात उघडल्यावर ५६ दिवस लिहिलेत, युरोपातल्या माहितीपत्रकात सहा आठवडे. औषध तेच, कागद वेगळा. त्यामुळे मैत्रिणीनं सांगितलं, मोबाइलवर वाचलं, यावर जाऊ नको. तुझ्या खोक्यातून निघालेला घडीचा कागद उलगड, त्यातला साठवणुकीचा परिच्छेद शोध आणि त्याखाली पेन्सिलीनं रेघ मार. कंपनी बदलली की तो कागद पुन्हा वाच.

तारीख कशी लिहायची

एक छोटं स्टिकर घे. त्यावर दोन तारखा: ‘उघडलं’ आणि ‘टाकायचं’. स्टिकर पेनाच्या अंगावर लाव, टोपणावर नको, कारण टोपणं बदलतात. डोसाची खिडकी आणि बॅच नंबर झाकू नको. समज क्विकपेनचा पहिला डोस ३ मेला घेतला. मग डोस येतात ३, १०, १७ आणि २४ मेला, आणि पेन टाकायचं २ जूनला. बघ, वेळच्या वेळी घेणाऱ्याला मुदत कधी आड येत नाही, चार डोस संपूनही आठवडाभर उरतो. मुदत आड येते ती पेन लांबवणाऱ्याला. तीच तारीख स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवरही लिहून ठेव, म्हणजे घरातल्या दुसऱ्या कुणालाही कळेल.

फ्रीजमध्ये जागा ठरव

फ्रीज थंड म्हणून सगळा फ्रीज सारखा, असं समजू नको. एका दाराच्या फ्रीजमध्ये बर्फाच्या कप्प्याखाली जो ट्रे असतो, तिथे औषध ठेवायचं नाही. डबल डोअरमध्ये मागच्या झरोक्यातून गार वारा येतो, त्याच्या तोंडाशीही नाही. दारातल्या खणात तर मुळीच नाही. दुधाची पिशवी, पाण्याची बाटली, कोथिंबीर, दर वेळी दार उघडतं आणि तिथलं तापमान वरखाली होतं.

आमच्या गिऱ्हाइकांपैकी एका ताईंनी एकदा पेन आणून दाखवलं. लोणच्याच्या बरणीमागे सरकून ते फ्रीजच्या मागच्या भिंतीला टेकलं होतं. खिडकीतून बघितलं तर औषधात बारीक बर्फाच्या सुया दिसत होत्या. दुकानात येईपर्यंत त्या वितळल्या आणि औषध पुन्हा लख्ख झालं. ताई म्हणाल्या, आता ठीक दिसतंय की. पण एकदा गोठलेलं औषध वितळलं तरी वापरायचं नाही, हा नियम या प्रत्येक पेनाला आहे. ते पेन टाकावं लागलं.

म्हणून मधला कप्पा, पुढची बाजू. झाकणाचा प्लास्टिकचा डबा घे, त्यात पेन त्याच्या खोक्यासकट ठेव. त्यानं उजेडही लागत नाही आणि भिंतीलाही टेकत नाही. डब्यावर ‘औषध’ असं मोठ्या अक्षरांत लिही आणि मुलांचा हात पोचणार नाही असं बघ. फ्रीजमध्ये ठेवायचं छोटं थर्मामीटर स्वस्तात मिळतं. ते रात्रभर त्या डब्याशेजारी ठेव आणि सकाळी दार उघडल्या उघडल्या आकडा वाच. २ ते ८ च्या मध्ये असला तर जागा पक्की. थंडीच्या दिवसांत आणि ऐन उन्हाळ्यात पुन्हा तपास, कारण फ्रीजचं बटण तेच राहतं, घरातली हवा बदलते.

डोसाआधी थोडा वेळ पेन बाहेर काढून ठेवलंस तर टोचताना गार लागत नाही. पण गरम पाण्यात, उन्हात किंवा गॅसजवळ धरून ते कोमट करायचं नाही.

सुई पेनाला लावून ठेवू नको

डोस झाला की सुई लगेच काढ, टोपण लाव, मग पेन फ्रीजमध्ये. सुई तशीच राहिली तर तिच्यातून औषध थेंबथेंब गळतं, हवा आत शिरून बुडबुडे होतात, सुई चोंदते आणि पुढचा डोस कमी जातो. जंतूंना तर दारच उघडं मिळतं. दर डोसाला नवी सुई. पेनाबरोबर सुया मिळाल्या नसतील तर मेडिकलवाल्याकडून पेनाला बसणाऱ्या मोजून घे, डोसांपेक्षा एकदोन जास्तच.

आणि एक पेन एकाच माणसाचं. वहिनीलाही तेच औषध दिलंय म्हणून ‘सुई बदलू आणि दोघी वापरू’ हा हिशेब करायचा नाही. टोचताना रक्ताचा अंश उलटा पेनात जाऊ शकतो, तो डोळ्यांना दिसत नाही. सुई बदलली तरी पेन तेच असतं.

पैसे वाचवायला पेन लांबवू नको

औषध महाग आहे, हे मला दुकानदार म्हणून चांगलं कळतं. म्हणूनच काही जण पेनाच्या टकटक मोजून ठरल्यापेक्षा कमी डोस घेतात आणि महिन्याचं पेन दोन-तीन महिने पुरवतात. त्यात डोस चुकतो, आणि पेन मुदतीपलीकडे जातं. आणखी काही जण चार डोस संपल्यावर क्विकपेनमध्ये तळाशी उरलेलं औषध सिरिंजनं ओढून पाचवा डोस काढतात. ते उरतं कारण दर वेळी सुई लावल्यावर थोडं औषध हवेत सोडून तपासायचं असतं, त्यासाठी ते जास्त भरलेलं असतं. तो शिल्लक डोस नव्हे.

छोट्या काचेच्या बाटलीतलं माउंजारो तर आणखी वेगळं. ती बाटली एकाच डोसाची. तिच्यात संरक्षक द्रव्य नाही. मोठ्या डोसाची बाटली आणून अर्धी आज, अर्धी पुढच्या आठवड्यात, हे करू नको. बुचाला एकदा सुई लागली की उरलेलं टाकायचं, फ्रीजमध्ये ठेवायचं नाही. खर्च झेपत नसेल तर डॉक्टरांना मोकळेपणानं सांग, ते मार्ग काढतील. तुकडे पाडून मार्ग निघत नाही.

उन्हाळा, लाइट आणि प्रवास

‘३० अंशांखाली बाहेर चालतं’ हे वाक्य आपल्याकडे जपून वाचायचं. अकोल्यात, चंद्रपुरात मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो आणि रात्रीसुद्धा खोली ३० च्या खाली येत नाही. पुण्या-मुंबईतही एप्रिल-मेमध्ये दुपारचं घर तिशी ओलांडतं. तेव्हा उघडलेलं पेनही सरळ फ्रीजमध्येच ठेव, विचारच करायला नको.

लाइट गेली तर फ्रीजचं दार उघडू नको. बंद दाराआड साधारण चार तास थंडावा टिकतो. त्याहून जास्त वेळ गेली तर उघडं पेन आणि बंद पेन यांचा हिशेब वेगळा. उघडलेलं पेन ३० अंशांखाली राहिलं असेल तर चालतं. बंद पेन किती दिवस थंडाबाहेर चालतं, ते कागदात बघ आणि ते दिवस लिहून ठेव. फ्रीज नसलेल्या घरांत इन्सुलिन दोन मातीच्या भांड्यांत, मधे ओली वाळू घालून ठेवायची जुनी रीत आहे. पाण्याची वाफ होताना आतली उष्णता घेऊन जाते. विदर्भ-मराठवाड्याच्या कोरड्या हवेत अडीअडचणीला, उघडलेल्या पेनापुरती ती उपयोगी पडते, पण आत थर्मामीटर ठेवून ३० च्या खाली आहे ना ते बघ. रत्नागिरी-गोव्याच्या दमट हवेत तिचा भरवसा धरू नको, तिथे पाणी फारसं उडत नाही.

गाडीत पेन डॅशबोर्डवर किंवा डिकीत ठेवू नको. उन्हात उभ्या गाडीची भट्टी होते. प्रवासाला छोटी इन्सुलेटेड पिशवी घे, आइसपॅक नॅपकिनमध्ये गुंडाळ आणि त्याच्या व पेनाच्या मधे पुठ्ठा घाल. थंडीसाठी घातलेल्या बर्फानंच पेन गोठायला नको. विमानानं जाताना पेन हातातल्या बॅगेत, सोबत डॉक्टरांची चिठ्ठी. सामानाच्या पोटात फार थंडी असू शकते.

मेडिकलमधून आणतानाही हेच. पेन समोर फ्रीजमधून काढून देतात का ते बघ, बिल घे, त्यावर बॅच नंबर आहे ना ते तपास, आणि वाटेत भाजी न घेता थेट घरी ये. जून २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं बनावट सेमाग्लुटाइडबद्दल जगभर इशारा दिला होता. कुणी ओळखीतून, बिलाशिवाय, स्वस्तात देतो म्हणालं तर घेऊ नको. ते पेन तुझ्याकडे येण्याआधी कुठे कसं राहिलं, हे सांगणारं कुणी नसतं.

शंका आली तर

टोचण्याआधी खिडकीतून औषध बघ. सेमाग्लुटाइड स्वच्छ, बिनरंगी असतं. टिर्झेपेटाइड बिनरंगी किंवा किंचित पिवळसर. गढूळ दिसलं, कण दिसले, तर वापरायचं नाही. पण स्वच्छ दिसलं म्हणजे चांगलंच, असंही धरू नको. गोठलं होतं, उन्हात राहिलं, तारीख उलटली, किंवा नक्की आठवत नाही, यातलं एकही असलं तर ते पेन बाजूला ठेव आणि डॉक्टरांना किंवा केमिस्टला फोन कर. हे आठवड्याचं औषध आहे, एका दिवसाच्या उशिरानं आभाळ कोसळत नाही. माउंजारोचा चुकलेला डोस चार दिवसांच्या आत घेता येतो; सेमाग्लुटाइडचा हिशेब वेगळा, तो डॉक्टरांकडून आधीच विचारून ठेव. घाईनं संशयाचा डोस टोचण्यापेक्षा फोन करून थांबणं केव्हाही बरं.

वापरलेल्या सुया ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकू नको. जाड प्लास्टिकचा, झाकण घट्ट बसणारा डबा त्यासाठी वेगळा ठेव. भरत आला की झाकण चिकटवून, वर ‘सुया’ असं लिहून, दवाखान्यात किंवा पालिकेच्या घातक कचऱ्याच्या गाडीत दे. आपला कचरा हातानं निवडणाऱ्या माणसाला आपली सुई टोचू नये, ही जबाबदारी आपलीच.

हे सगळं एकदम लक्षात राहणार नाही, तर आज एवढंच कर. फ्रीज उघड, पेन काढ, पहिला डोस कधी घेतलास ते आठव आणि त्यावर दोन्ही तारखा लिही. तारीख आठवत नसेल, तर पुढचा डोस घेण्याआधी डॉक्टरांना फोन कर.