निसर्गपाठ : सोनकी



श्रावण सरता सरता सह्याद्रीच्या माथ्यावर सोनकी फुलू लागते, आणि भाद्रपद-आश्विनात डोंगरउतार पिवळे होऊन जातात. हिचे शास्त्रीय नाव सेनेसिओ बॉम्बेएन्सिस. सूर्यफूल, झेंडू व शेवंती ही हिच्याच कुळातील होत.

आपण जिला सोनकीचे एक फूल म्हणतो, तो वस्तुतः अनेक फुलांचा समूह आहे. त्यास स्तबक म्हणतात. कडेची प्रत्येक ‘पाकळी’ हे जिभेच्या आकाराचे स्वतंत्र पुष्पक असून मध्यभागी नळीसारखी पुष्पके दाटीने असतात. संपूर्ण वर्गासाठी एकच स्तबक घ्यावे, टाचणीने पुष्पके सुटी करावी व ती मुलांकडून मोजवून घ्यावी.

सोनकी ही वर्षायु वनस्पती आहे. पावसाबरोबर ती रुजते, फुलते, बी धरते आणि सुकून जाते. पुढील वर्षी फुटेल असा कंद ती मागे ठेवीत नाही. बी हाच तिचा एकमेव ठेवा. शेतकरी भाताचे बियाणे कणगीत राखतो. सोनकीचे बियाणे कोण राखणार? फुलांची जुडी घरी आली की तितके बियाणे डोंगरास मुकले, हे मुलांना या दाखल्याने सहज पटेल.

सन १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली व ठाणे, पनवेल आणि उरण भागांतील गावांभोवती नवी मुंबई वसली. तेथे माळराने कमी झाल्यामुळे उरलेल्या डोंगरउतारांचे मोल वाढले आहे. त्या भागातील शिक्षकांनी पारसिक व खारघरच्या उतारांवर सोनकीचा शोध घ्यावा. ती न आढळल्यास रस्त्याकडेच्या एकदांडीवरून स्तबकाचा पाठ द्यावा.

एक सावधगिरी अवश्य बाळगावी. बारीक पांढऱ्या फुलांचे गाजरगवतही याच कुळातील आहे. त्याच्या स्पर्शाने त्वचेस खाज व पुरळ येऊ शकते. म्हणून मुलांना त्यास हात लावू देऊ नये.

उपक्रम : सोनकीच्या जागी एक हात लांब व एक हात रुंद चौकोन आखून त्यातील रोपे मोजावी. संख्या व तारीख शाळेच्या नोंदवहीत लिहावी. पुढील वर्षी त्याच जागी, त्याच सुमारास पुन्हा मोजणी करावी.

प्रश्न : (१) सोनकीच्या एका स्तबकात किती पुष्पके आढळली? (२) सर्व रोपे बी धरण्यापूर्वीच उपटली, तर पुढील वर्षी काय होईल?